अंडाशयात गाठ सापडली, पण ती मुळात तिथलीच आहे का?

प्रश्न धायरीच्या एका ताईंचा आहे. त्यांच्या आईचं वय 48. दोन-तीन महिने पोट फुगल्यासारखं वाटायचं, दोन घास खाल्ले की पोट भरायचं. घरात सगळ्यांनी ॲसिडिटी म्हणून सोडून दिलं. शेवटी सोनोग्राफी केली तर दोन्ही अंडाशयांत गाठी आणि पोटात पाणी. रक्तात कर्करोगाच्या खुणा म्हणून बघतात त्यांपैकी सीए-125 होतं 180 आणि सीईए 22. शस्त्रक्रिया करून गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढली. उजवीकडची गाठ 9 सेंटिमीटरची, डावीकडची 6. रिपोर्टमध्ये लिहिलंय, 'दोन्ही अंडाशयांत म्युसिनस ॲडेनोकार्सिनोमा, काही भागांत सिग्नेट रिंग पेशी. पचनसंस्थेतून पसरलेला कर्करोग नाही ना याची खात्री करावी. आयएचसी सुचवत आहोत.' (म्युसिनस म्हणजे श्लेष्मा बनवणारा, आयएचसी म्हणजे पेशीतली प्रथिनं रंगवून बघण्याची तपासणी.) एका डॉक्टरांनी सांगितलं, अंडाशयाचा कर्करोग आहे, तिसरा टप्पा, सोमवारपासून केमो सुरू करू. दुसऱ्यांनी सांगितलं, थांबा, आधी जठराची आणि मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करा.

ताई विचारतात: आईचं पोट कधी दुखलं नाही, शौचातून रक्त गेलं नाही, मग जठराची तपासणी कशाला? रिपोर्ट लिहिणाऱ्यांना ठामपणे सांगता का येत नाही? या सगळ्यात दहा-बारा दिवस गेले तर आजार हाताबाहेर जाणार नाही ना? आणि मला, माझ्या बहिणीला काही धोका आहे का?

ताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी कापणं, त्यांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघणं आणि रिपोर्ट लिहिणं हे माझं रोजचं काम. तुमच्या आईंच्या स्लाइड मी बघितलेल्या नाहीत, त्यामुळे निदान मी इथे देणार नाही. पण तुम्ही दिलेल्या माहितीवरून एक गोष्ट स्पष्ट सांगते: दुसऱ्या डॉक्टरांचं ऐका. केमोच्या आधी जठराची दुर्बीण तपासणी झालीच पाहिजे, मोठ्या आतड्याचीही. कारणं सविस्तर सांगते.

अंडाशय ही शरीरातली अशी जागा आहे जिथे स्वतःचे कर्करोग तर होतातच, पण इतर अवयवांचे कर्करोगही येऊन रुजतात. अंडाशयातल्या घातक गाठींपैकी साधारण 10 ते 20 टक्के गाठी बाहेरून आलेल्या असतात. जपान-कोरियासारख्या जठराचा कर्करोग जास्त असलेल्या देशांत हे प्रमाण आणखी वर जातं. पाळी चालू असलेल्या वयात अंडाशयाला रक्तपुरवठा भरपूर असतो, म्हणून तुलनेने तरुण बायकांमध्ये हा प्रसार जास्त दिसतो. चाळिशीतल्या, कधी तिशीतल्यासुद्धा. पेशी रक्तातून येतात, लसिकावाहिन्यांतून उलट्या दिशेने येतात, किंवा पोटाच्या पोकळीतल्या पाण्यातून सरळ अंडाशयावर येऊन पडतात. मूळ आजार असतो जठरात, मोठ्या आतड्यात, अपेंडिक्समध्ये, स्वादुपिंडात किंवा पित्ताशयात. स्तनाचा कर्करोगही असा येतो, पण आज पचनसंस्थेपुरतं बोलू.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट हीच, की मूळ जागी आजार गप्प असतो आणि अंडाशयातली गाठ मोठी होऊन आधी समोर येते. जठराच्या भिंतीत दोन-तीन सेंटिमीटरचा आजार लपलेला आणि त्याच वेळी अंडाशयात नारळाएवढी गाठ, हे आम्ही बघतो. त्यामुळे 'आईचं पोट कधी दुखलं नाही' यावरून जठर साफ आहे असं म्हणता येत नाही. शिवाय ताई, दोन घासांत पोट भरणं हे तुम्हीच लिहिलं आहे. पोटातल्या पाण्यानेही तसं होतं, मान्य. पण जठराची भिंत कडक झाली, ते फुगेनासं झालं, तरीही नेमकं तसंच होतं.

या आजाराचा इतिहासही हेच सांगतो. 1896 मध्ये फ्रीडरिश क्रुकेनबर्ग या जर्मन डॉक्टरने अंडाशयाच्या एका वेगळ्या गाठीचं वर्णन केलं. घट्ट तंतुमय ऊती आणि त्यात श्लेष्माने भरलेल्या पेशी. त्याची समजूत अशी झाली की ही अंडाशयाचीच नवीन प्रकारची गाठ आहे. सहा वर्षांनी, 1902 मध्ये, श्लागेनहाउफर याने दाखवून दिलं की या गाठी पचनसंस्थेतून, मुख्यतः जठरातून आलेल्या असतात. क्रुकेनबर्ग ट्यूमर हे नाव मात्र टिकलं. आजही सिग्नेट रिंग पेशी असलेल्या, अंडाशयात पसरून आलेल्या कर्करोगाला आम्ही याच नावाने ओळखतो, आणि त्यांतल्या बहुसंख्य गाठींचं मूळ जठरात सापडतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, रिपोर्ट लिहिणाऱ्याला ठाम का सांगता येत नाही. इथे थोडं खोलात जाते, कारण बहुतेक कुटुंबांचा राग इथेच असतो.

गाठ आमच्याकडे फॉर्मेलिनच्या डब्यात येते. सूक्ष्मदर्शक नंतर, आधी ती टेबलावर ठेवून डोळ्यांनी आणि बोटांनी बघायची. अंडाशयाचा स्वतःचा म्युसिनस कर्करोग असेल तर तो बहुधा एकाच बाजूला असतो आणि मोठा असतो, 15-20 सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त. बाहेरून गुळगुळीत. कापला की आत कप्पेच कप्पे, आणि त्यातून चिकट, तार सुटणारा स्राव सुरीला लागून बाहेर येतो. क्रुकेनबर्गची गाठ याच्या अगदी उलट वाटते. दोन्ही बाजूंना, अंडाशयाचा मूळ आकार बऱ्यापैकी टिकवून वाढलेली, वरून उंचसखल, कापली तर आत घट्ट, पांढरट-पिवळसर, मधे मधे बुळबुळीत भाग. मोठ्या आतड्यातून आलेली गाठ पुन्हा वेगळी. ती पोकळ, कप्प्यांची असू शकते, पण आतला भाग ठिसूळ, पिवळट आणि सडलेला असतो. सुरी लावली की चुरा पडतो.

आकार आणि बाजू या दोन साध्या गोष्टींना किती किंमत आहे, यावर 2003 मध्ये साइडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सोपा नियम मांडला. म्युसिनस कर्करोग दोन्ही अंडाशयांत असेल, किंवा एका बाजूला असून 10 सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, तर तो बाहेरून आलेला समजून शोध घ्या. एका बाजूला आणि 10 किंवा त्याहून मोठा असेल तर अंडाशयाचाच असण्याची शक्यता जास्त. त्यांच्या मालिकेत एवढ्यावरून जवळपास 90 टक्के गाठींचं वर्गीकरण बरोबर झालं. पुढे 2008 मध्ये येमेल्यानोव्हा यांच्या गटाने ही मर्यादा 13 सेंटिमीटरवर नेली. मोठ्या आतड्यातून आलेल्या गाठी या नियमाला दाद देत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं. त्या एका बाजूलाच आणि चांगल्या मोठ्या असू शकतात. हा नियम फक्त म्युसिनस प्रकाराचा आहे. अंडाशयाचा सगळ्यात नेहमीचा कर्करोग म्हणजे हाय ग्रेड सिरस, आणि तो बरेचदा दोन्ही बाजूंनाच असतो. तिथे 'दोन्हीकडे आहे म्हणजे बाहेरचा' असा अर्थ काढायचा नाही.

तुमच्या आईंच्या गाठी दोन्ही बाजूंना आहेत, दोन्ही 10 सेंटिमीटरच्या आतल्या आहेत आणि प्रकार म्युसिनस आहे. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायच्या आधीच पारडं बाहेरच्या बाजूला झुकलंय. तुमचा रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांनी हेच ओळखलं आणि म्हणून ती सूचना लिहिली. ती ओळ म्हणजे हात झटकणं नाही. मला विचाराल तर अख्ख्या रिपोर्टमधली तीच सगळ्यात मोलाची ओळ आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली आम्ही काय शोधतो तेही सांगते. अंडाशयाच्याच गाठीत बहुतेक वेळा पायऱ्या दिसतात: एका भागात साधी, निरुपद्रवी गाठ, शेजारी बॉर्डरलाइन म्हणजे मधली अवस्था, आणि कुठेतरी कर्करोग. म्हणजे गाठ तिथेच जन्मली आणि तिथेच बिघडत गेली. बाहेरून आलेली गाठ वेगवेगळ्या जागी पुंजके करून बसते, अंडाशयाच्या पृष्ठभागावर आणि देठापाशी दिसते, रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्यांत तिच्या पेशी अडकलेल्या सापडतात. मोठ्या आतड्याच्या गाठीत ग्रंथी माळेसारख्या गोल मांडलेल्या असतात आणि मधल्या पोकळीत मेलेल्या पेशींचा कचरा भरलेला असतो. एकदा नजर बसली की ते चित्र लांबूनही ओळखू येतं. सिग्नेट रिंग पेशीत श्लेष्मा इतका भरतो की केंद्रक एका कडेला दाबलं जातं. खडा एका बाजूला बसवलेल्या अंगठीसारखी ती दिसते. काही गाठींत अशा पेशी मोजक्याच, तंतूंच्या दाटीत एकेकट्या विखुरलेल्या असतात आणि कमी भिंगातून बघितलं तर साधा फायब्रोमा, म्हणजे निरुपद्रवी तंतुमय गाठ, वाटतो. म्हणून दोन्ही अंडाशयांत घट्ट गाठी असल्या की मी श्लेष्माचे खास रंग लावल्याशिवाय रिपोर्ट सोडत नाही.

मग ठाम सांगायला अडचण काय? अडचण अशी की या पायऱ्यांचं सोंग बाहेरची गाठही घेते. स्वादुपिंड, पित्तनलिका आणि पित्ताशयातून आलेल्या पेशी अंडाशयात रुजल्या की काही भागांत अगदी शांत, निरुपद्रवी दिसायला लागतात. समोर साधी गाठ, शेजारी बॉर्डरलाइन, पलीकडे कर्करोग, असं सगळं चित्र हुबेहूब उभं राहतं आणि मुळात असतो तो स्वादुपिंडाचा प्रसार. दोन-चार तुकडे बघून इथे निकाल देता येत नाही. गाठीच्या दर सेंटिमीटरमागे एक तुकडा आणि गाठ 10 सेंटिमीटरच्या वर असेल तर दोन, इतके तुकडे घ्यावे लागतात. शस्त्रक्रिया चालू असताना अर्ध्या तासात जो फ्रोझन सेक्शनचा निकाल आम्ही देतो, त्यात एक-दोन तुकडेच बघता येतात, म्हणून त्यात 'अंतिम रिपोर्टची वाट बघा' असं असतं. त्याचा राग धरू नये.

एकेकाळी अंडाशयाच्या कर्करोगांपैकी दहा टक्क्यांहून जास्त म्युसिनस आहेत असं मानलं जायचं. बाहेरून आलेल्या गाठी नीट वेगळ्या काढायला लागल्यावर आता हे प्रमाण साधारण 3 टक्क्यांवर आलंय. बाकीच्या गाठी अंडाशयाच्या म्हणून गणल्या जात होत्या, त्यावर तशीच औषधंही दिली जात होती.

आता आयएचसी. हाच ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, पुन्हा कापायचा आणि पेशीतली ठरावीक प्रथिनं रंगवून बघायची. सीके 7, सीके 20, सीडीएक्स 2, एसएटीबी 2 आणि पॅक्स 8 हे नेहमीचे. मोठ्या आतड्याची गाठ असेल तर बहुधा सीके 7 नाही, आणि सीके 20, सीडीएक्स 2, एसएटीबी 2 तिन्ही आहेत, असं उत्तर येतं. अंडाशयाच्या म्युसिनस गाठीत सीके 7 सगळीकडे भरून असतो, सीके 20 कुठे असतो कुठे नसतो, एसएटीबी 2 सहसा नसतो. पॅक्स 8 असेल तर अंडाशयाच्या बाजूने चांगला पुरावा. सिरस प्रकारात तो जवळजवळ नेहमी असतो, पण म्युसिनसमध्ये बऱ्याच गाठींत नसतो, त्यामुळे 'नाही' या उत्तरावर विसंबता येत नाही. स्वादुपिंडाच्या गाठींपैकी साधारण निम्म्यांत डीपीसी 4 हे प्रथिन हरवलेलं असतं, तो एक धागा मिळतो.

पण एक मर्यादा इथे आहे आणि ती कुटुंबाला कोणी सांगत नाही. आयएचसीने मोठं आतडं आणि अपेंडिक्स छान वेगळं निघतं. जठर, स्वादुपिंड आणि पित्ताशय तसं निघत नाही. जठराच्या गाठीत सीके 7 असतो, सीके 20 असेल-नसेल, सीडीएक्स 2 असेल-नसेल. आणि अंडाशयाच्या म्युसिनस गाठीचं चित्रही नेमकं तसंच. म्हणजे ब्लॉकवर आणखी दहा मार्कर लावले तरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या टेबलावर मिळेलच असं नाही. ते जठरात दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरांकडेच मिळेल. उलटा सापळाही आहे: अंडाशयातल्या टेराटोमाच्या (केस, त्वचा अशा वेगवेगळ्या ऊती असलेल्या गाठीच्या) पोटी जन्मलेली म्युसिनस गाठ हुबेहूब आतड्यासारखे मार्कर दाखवते. म्हणून टेराटोमाचे अवशेष, केस, त्वचेचा तुकडा, कूर्चा, हे शोधल्याशिवाय केवळ मार्करवरून आतड्याचा शिक्का मारायचा नाही.

रक्ताच्या तपासण्यांबद्दल. सीए-125 वाढलं म्हणजे अंडाशयाचा कर्करोग, हे समीकरण पुण्यातल्या प्रत्येक घरात पोचलंय आणि ते चुकीचं आहे. पोटात पाणी झालं, पोटाच्या आवरणाला कशानेही सूज आली की ते वाढतं. आपल्याकडे पोटाच्या क्षयरोगात सीए-125 शेकड्यांनी वाढतं, पाणी होतं, सोनोग्राफीत गाठीही दिसतात. बायोप्सीशिवाय कर्करोग म्हणून केमोपर्यंत गोष्ट जाऊ नये ती यासाठीच. तुमच्या बाबतीत बायोप्सीचा प्रश्न मिटलाय. पण सीए-125 ला सीईएने भागून बघा. 180 भागिले 22, म्हणजे साधारण 8. हे गुणोत्तर 25 च्या वर असेल तर अंडाशयाच्या बाजूने धरतात; 25 च्या खाली असेल तर जठर आणि आतडं तपासा असा संकेत आहे. तुमच्याकडे हा दुसरा धागा. सीए 19-9 ची फार मदत होत नाही. ते स्वादुपिंडातही वाढतं आणि अंडाशयाच्या म्युसिनस गाठीतही.

दुर्बीण तपासणीला जाताना एक काम कराच. अंडाशयाचा रिपोर्ट बरोबर न्या आणि एंडोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांच्या हातात द्या. 'ॲसिडिटीसाठी आलोय' आणि 'सिग्नेट रिंग पेशी सापडल्यात, मूळ शोधायचंय' या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. हा आजार जठराच्या भिंतीत आतल्या थरांतून पसरतो आणि वरचं अस्तर बरेचदा जवळपास नॉर्मल दिसतं. जठर हवेने नीट फुगत नाही, वळ्या जाड वाटतात, एवढीच खूण असते. वरवरचे दोन तुकडे घेतले तर बायोप्सी निगेटिव्ह येते आणि सगळे निर्धास्त होतात. संशयाच्या जागेतून सहा ते आठ तुकडे, शक्य तेवढे खोलवर, घ्यावे लागतात. गरज पडली तर पुन्हा.

सीटी स्कॅन झाला असेल तर तो फक्त ओटीपोटाचा होता की छातीपासून पूर्ण, हे बघा. स्कॅनच्या वेळी जठर रिकामं, आकसलेलं असेल तर भिंतीची जाडी कळत नाही, म्हणून पाणी किंवा कॉन्ट्रास्ट पाजून करायला सांगतात. पेट स्कॅनवरही डोळे झाकून विश्वास टाकू नका. सिग्नेट रिंग पेशी साखर फारशी ओढत नाहीत, त्यामुळे जठरात आजार असूनही पेटमध्ये तिथे काहीच उजळत नाही. 'पेट क्लिअर आहे, मग एंडोस्कोपी कशाला?' हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. पेट निगेटिव्ह असला तरी एंडोस्कोपी करायचीच.

आणखी एक विचारते. आईंची पूर्वी कधी पित्ताशयाची किंवा अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली आहे का? खडे झाले म्हणून पित्ताशय काढतात, आणि काही ठिकाणी ते तपासणीला न पाठवता नातेवाइकांना खडे दाखवून विषय संपवतात. पित्ताशयाचा कर्करोग गंगेच्या खोऱ्यात, उत्तर प्रदेश-बिहारमध्ये खूप दिसतो, आणि चाकण-पिंपरीच्या कारखान्यांमुळे तिकडची कुटुंबं आता पुण्याचीच झाली आहेत, त्यामुळे आम्हालाही तो विचार मनात ठेवावा लागतो. जुना रिपोर्ट असेल तर शोधा. रिपोर्ट नसेल तर जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे ब्लॉक शिल्लक आहे का, ते विचारा. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी फॉर्मवर इतिहासाच्या रकान्यात 'ओव्हेरियन मास' एवढे दोनच शब्द असतात. त्या जागी 'तीन वर्षांपूर्वी पित्ताशय काढलं' असं कोणी लिहिलं, तर माझा अर्धा शोध तिथेच संपतो.

अपेंडिक्सचं वेगळं प्रकरण आहे. पोटभर जेलीसारखा श्लेष्मा पसरलेला असतो, त्याला स्यूडोमिक्सोमा म्हणतात. यात अंडाशयात मोठी गाठ असली तरी मूळ जवळपास नेहमी अपेंडिक्समध्येच असतं. शस्त्रक्रियेच्या टिपणात 'जेली' किंवा 'म्युसिन' असा उल्लेख आहे का आणि अपेंडिक्स बघितलं होतं का, काढलं होतं का, हे सर्जनना विचारून घ्या.

या सगळ्या खटाटोपाने उपचारात काय फरक पडतो, हा खरा मुद्दा. अंडाशयाचा सिरस कर्करोग असेल तर कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल, पुढे बीआरसीए जनुकांच्या तपासणीच्या निकालावर पार्प गटाच्या गोळ्या. अंडाशयाचाच म्युसिनस असेल आणि एकाच अंडाशयापुरता असेल तर बरेचदा शस्त्रक्रियेवर भागतं आणि भविष्य चांगलं असतं. मोठ्या आतड्याचा असेल तर ऑक्सॅलिप्लॅटिन आणि फाइव्ह-एफयू यांचं मिश्रण, आणि आरएएस, बीआरएएफ, एमएमआर या तपासण्यांवर पुढची औषधं ठरतात. इथे एक गोष्ट अशी की आतड्याचा आजार यकृतात पसरलेला असेल तो केमोने आक्रसतो, पण अंडाशयातली गाठ बरेचदा दाद देत नाही, वाढतच राहते. म्हणून ती काढून टाकणं फायद्याचं ठरतं. त्या अर्थाने आईंची शस्त्रक्रिया वाया गेली असं समजू नका. जठराचा असेल तर औषधं पुन्हा वेगळी आणि त्याआधी हर 2, एमएमआर, पीडी-एल 1, क्लॉडिन 18.2 या तपासण्या लागतात. अपेंडिक्सच्या स्यूडोमिक्सोमात मोठी शस्त्रक्रिया करून पोटात गरम केमो सोडतात, तीही सराव असलेल्या केंद्रातच.

सोमवारी कार्बोप्लॅटिन सुरू केलं आणि मूळ जठरात निघालं, तर तीन महिने शरीरावर औषधाचा मारा होईल आणि आजाराला त्याचा फारसा फरक पडणार नाही. पुढच्या औषधाच्या वेळी आई आणखी अशक्त झालेल्या असतील. त्यापुढे दहा-बारा दिवस ही मोठी किंमत नाही. शस्त्रक्रियेची जखम भरायला तसेही तीन-चार आठवडे द्यावेच लागतात. त्याच काळात दोन्ही दुर्बिणी, आयएचसी आणि स्कॅन सगळं बसतं. थांबण्याची उलटी बाजू मात्र लक्षात घ्या: पाणी भराभर वाढत असेल, उलट्या होत असतील, आतड्याला अडथळा येत असेल तर थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.

हेही लपवत नाही, ताई. मूळ जठरात किंवा आतड्यात सापडलं तर आजार चौथ्या टप्प्यातला धरला जाईल, आणि जठराच्या बाबतीत पुढचा रस्ता कठीण असतो. हे ऐकायला लागू नये म्हणून काही कुटुंबं तपासणीच टाळतात, ते मला समजतं. पण आजार जिथे आहे तिथेच राहणार आहे. कळल्याने निदान औषध तरी नेमकं मिळतं. आईंनाही अंधारात ठेवू नका. त्यांना जेवढं विचारायचंय तेवढं विचारू द्या.

आता प्रत्यक्ष काय करायचं. जिथे शस्त्रक्रिया झाली तिथल्या लॅबमध्ये लेखी अर्ज देऊन ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागा. नुसत्या स्लाइडवर आयएचसी करता येत नाही, ब्लॉक लागतोच. ब्लॉक उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं. बरोबर मूळ रिपोर्ट, शस्त्रक्रियेचं टिपण, सीटीची सीडी आणि सगळे रक्ततपासणीचे कागद. कर्करोगाची ऊती रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून दुसरं मत घ्या. पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत ते मिळतं, परळच्या टाटा रुग्णालयातही स्लाइड-ब्लॉक दाखवता येतात. ज्या रुग्णालयात ट्यूमर बोर्ड आहे, म्हणजे सर्जन, केमोचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून एकेका रुग्णावर बोलतात, तिथे ही केस मांडायला सांगा. या आजाराचं निदान एकट्या माणसाचं काम नाही. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यातलं काय बसतं, ते त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा.

तुमचा शेवटचा प्रश्न, तुम्हाला आणि बहिणीला धोका आहे का. याचं उत्तर मूळ कुठे निघतं त्यावर आहे, आणि मूळ शोधायचं हेही एक कारण आहे. बहुतेक जठराचे कर्करोग आनुवंशिक नसतात. पण 50 वर्षांच्या आत सिग्नेट रिंग प्रकारचा जठराचा कर्करोग झाला तर सीडीएच 1 या जनुकाची तपासणी करावी असं सांगतात. आई 48 च्या आहेत म्हणून हे लागू होईल. मोठ्या आतड्यात निघालं तर आधी आईंच्याच ब्लॉकवर एमएमआरची, म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी, चार प्रथिनं बघायची. त्यातलं एखादं हरवलेलं असेल तर लिंच सिंड्रोमचा, म्हणजे आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाचा, विचार. अंडाशयाचा सिरस निघाला असता तर बीआरसीए. म्युसिनसमध्ये त्याचा संबंध फारसा येत नाही. जनुकांची तपासणी आधी आईंची करायची, तुमची नाही. त्यांच्या रक्तात दोष सापडला तरच तुम्हा दोघी बहिणींची, आणि तेव्हा प्रत्येकीत तो असण्याची शक्यता निम्मी धरतात. सापडला नाही तर तुम्हाला वेगळी तपासणी बहुधा लागणार नाही. तोपर्यंत स्वतःसाठी सीए-125 करून घेऊ नका, त्यातून काही कळणार नाही.